शुभंकरांचा स्वमदत गट : वर्षभराचा अनुभव
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया झाल्यापासून आईची झोप उडाली होती आणि वडिलांचे नातेवाइकांकडे जाणे-येणे थांबले होते, म्हणून आम्ही पुण्यातील शुभंकरांच्या, म्हणजे मनोरुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांच्या, स्वमदत गटात जाऊ लागलो. गोळ्या आमटीत मिसळून द्याव्यात का, असे एका आजींनी विचारले तेव्हा कोणी हसले नाही. उलट तीन घरांनी आपापली फजिती सांगितली आणि आई कितीतरी महिन्यांनी मोकळेपणाने बोलली. गटाच्या बैठकीला जायला दोन जिने चढावे लागतात, ही गैरसोय थकलेल्या पालकांसाठी मोठीच आहे. रात्री-अपरात्री भाऊ बिथरला तर मात्र ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली, मराठीतही बोलता येणारी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ या क्रमांकावरची मोफत फोन सेवा हाताशी ठेवावी लागते.