जामिनाची हमी देणारा वकील : ठाण्यातील आमचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला कळव्यातील एका भांडणाच्या प्रकरणात खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली अटक झाली, त्याला आता वर्ष होत आले. सोसायटीच्या फाटकासमोर गाडी लावण्यावरून वाद झाला, एकाच्या डोक्याला लोखंडी सळईचा मार लागला आणि फिर्यादीत पाच जणांची नावे आली. त्यांत माझ्या भावाचेही नाव होते. तो दोषी आहे की नाही हे न्यायालय ठरवील. त्याविषयी मी येथे काही लिहिणार नाही. त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांत आमची जी फसवणूक झाली, तेवढीच मला सांगायची आहे, कारण अशा रात्री पोलीस ठाण्याबाहेर उभ्या राहणाऱ्या कुटुंबांना हे आधी कळायला हवे.

अटक शनिवारी रात्री झाली. दुसऱ्या दिवशी भावाला सुट्टीच्या न्यायालयात हजर करणार होते आणि आमच्या घरात कोणीही आजवर न्यायालयाची पायरी चढलेले नव्हते. पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर पन्नाशीच्या एका गृहस्थांनी आपणहून चौकशी केली. ते म्हणाले, "ताई, रडू नका. कलम एकशे नऊ आहे, म्हणजे जुनं तीनशे सात. साधा वकील चालणार नाही. आमच्या साहेबांची सेशनला ओळख आहे, आठ दिवसांत पोरगा घरी." आम्ही न सांगताही कलम त्यांना ठाऊक होते, एवढ्यानेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तासाभरात वकीलसाहेब आले, आणि जामीन मिळवून देण्याची तोंडी हमी देऊन त्यांनी पहिले ३०,००० रुपये मागितले. ते मी त्या गृहस्थांनी दिलेल्या मोबाइल क्रमांकावर पाठवले. तो क्रमांक वकिलांचा नव्हता, याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

रिमांडच्या वेळी हे वकील उभे राहिले, नाव सांगितले आणि पोलीस कोठडीला एका शब्दानेही विरोध न करता खाली बसले. मला वाटले, पद्धतच तशी असेल. पुढे भावाची न्यायालयीन कोठडीत रवानगी होऊन तो ठाणे मध्यवर्ती कारागृहात गेला आणि पैशांची मागणी वाढत गेली. भावजयीचे गंठण सोनेतारण ठेवून आम्ही रक्कम उभी केली. "सरकारी वकिलांना सांभाळावं लागतं", "स्टाफचं बघावं लागतं", अशी कारणे देऊन घेतलेला बहुतेक पैसा रोख होता आणि त्याची पावती कधीच मिळाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात वकिलांनी मला एक चिठ्ठी दिली. वहीच्या रेघी कागदाचा चतकोर तुकडा, त्यावर निळ्या बॉलपेनने 'जामीन अर्ज', एक क्रमांक आणि वर्ष. ती चिठ्ठी मी देवघरातल्या डब्यात ठेवली होती. त्यानंतर दर आठवड्याला नवे कारण मिळे : पोलिसांचा से, म्हणजे अर्जावरचे लेखी म्हणणे, आलेला नाही, न्यायाधीश रजेवर आहेत, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, मॅटर लागले पण पुकारा झाला नाही. ही सगळी कारणे न्यायालयात खरोखर घडणारी असतात, म्हणूनच ती खोटी वाटत नाहीत.

कारागृहातील भेटीत भावाने मला एकदा विचारले होते, "ताई, अर्ज टाकलाय म्हणतेस, मग वकीलपत्रावर माझी सही घ्यायला कोणी कसं आलं नाही?" मी वकिलांना विचारले, तेव्हा रिमांडच्या वेळची सही पुरते, असे ते म्हणाले. येथे मी फसले. सत्र न्यायालयातील जामीन अर्जासोबत सहसा स्वतंत्र वकीलपत्र, म्हणजे वकिलाला आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार देणारा कागद, जोडतात, आणि आरोपी कारागृहात असेल तर त्यावर त्याची सही बहुधा तेथेच, तेथील अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह घेतली जाते. आत असलेल्या माणसाची अशी सही कधी झालीच नसेल, तर बाहेर आपल्याला काहीही सांगितले जात असले तरी अर्ज खरोखर दाखल झाला आहे का, याची लगेच खात्री करून घ्यावी.

शेवटी माझ्या भाचीने ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयांतील प्रकरणांची माहिती देणाऱ्या सरकारी, ॲपवर शोध घेतला. तेथे पक्षकाराच्या नावावरून, प्रकरण क्रमांकावरून किंवा पोलीस ठाणे आणि गुन्हा क्रमांकावरून प्रकरण सापडते आणि प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरांचा स्वतंत्र सीएनआर क्रमांक असतो. भावाच्या नावावर जामिनाचा एकही अर्ज नव्हता. चिठ्ठीवरचा क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या अर्जाचा होता आणि तो अर्ज कधीच निकाली निघालेला होता. कोर्ट नाक्यावरील जिल्हा न्यायालयात जाऊन मी फायलिंगच्या खिडकीवर खात्री करून घेतली. तेथील लिपिकाने दोन वेळा पाहिले आणि चिठ्ठी मला परत दिली.

पैसा गेला त्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे नुकसान आम्हाला नंतर समजले. ज्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यात आरोपी कोठडीत असताना ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार, जामीनदार देण्याची तयारी असल्यास, त्याला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्हा किती गंभीर आहे हे तेथे पाहिले जात नाही. मात्र त्यासाठी दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. नंतर तो हक्क उरत नाही. आमच्या प्रकरणात दोषारोपपत्र ९६ व्या दिवशी आले. मधल्या सहा दिवसांत कोणीही अर्ज केला असता, तर भाऊ बाहेर आला असता. फौजदारी वकिली रोज करणारा माणूस हे दिवस डायरीत मोजून ठेवतो. आमचे वकील प्रामुख्याने भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रांची कामे करत होते, हे मला पुढे समजले. सनद क्रमांकाच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या क्रमांकाच्या, शेवटी नोंदणीचे वर्ष असते. त्यांच्या वकीलपत्रावर तो क्रमांक पहिल्या दिवसापासून छापलेला होता आणि त्यावरून त्यांची वकिली जेमतेम तीन वर्षांची होती.

नवा वकील मी ओळखीतून शोधला नाही. खुल्या न्यायालयात कोणालाही मागच्या बाकावर बसता येते, म्हणून मी दोन दिवस सत्र न्यायालयात बसून राहिले. एक वकील जखमेच्या दाखल्यावरून डॉक्टरांची उलटतपासणी घेत होते. आवाज चढवत नव्हते, पण प्रत्येक प्रश्न कागदाला धरून होता. मी त्यांना बाहेर गाठले. त्यांनी पैशांआधी एफआयआर, रिमांड रिपोर्ट आणि जखमीचा वैद्यकीय दाखला मागितला, आणि मग विचारले की सोसायटीच्या फाटकावरील सीसीटीव्हीचे चित्रण जतन करण्यासाठी कोणी अर्ज केला होता का. ते चित्रण महिनाभरात आपोआप पुसले जात होते. पाच जणांत माझा भाऊ नेमका कोठे उभा होता हे दाखवणारा तो एकमेव पुरावा होता, आणि तो गेला.

जामीन होईलच का, असे मी त्यांना विचारले. "बाई, मी प्रयत्नाचे पैसे घेतो, निकालाचे नाही," असे ते म्हणाले. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनीच मनाई आहे, हेही त्यांनीच सांगितले. चार दिवसांत अर्ज दाखल झाला, सीएनआर क्रमांक माझ्या मोबाइलवर आला आणि सहाव्या महिन्यात भावाला जामीन मिळाला.

आधीच्या वकिलांनी उरलेली फी दिल्याशिवाय कागद देणार नाही, असे सांगितले होते. वकिलाला फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा सन २००० चा निर्णय आहे. तो नवीन वकिलांनी पत्रात नमूद केला, तेव्हा कागद मिळाले.

आणखी एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून लोकअभिरक्षक, म्हणजे आरोपीची बाजू मोफत मांडणारे वकील, नेमले जातात आणि १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. मोफत मिळणारा वकील काय कामाचा, असे मला पूर्वी वाटत असे. आज वाटते की त्या पहिल्या रविवारी त्यांच्यापैकी कोणी उभे राहिले असते, तर निदान रिमांडला विरोध तरी झाला असता.

वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. म्हणून मी अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली आहे आणि त्या मध्यस्थाविरुद्ध पोलिसांकडे वेगळा अर्ज दिला आहे. दोन्हींसोबत ती चतकोर चिठ्ठी, कारागृहातील भेटींच्या तारखा आणि मोबाइलवरून पाठवलेल्या ७०,००० रुपयांचे दोन स्क्रीनशॉट जोडले आहेत. रोख दिलेल्या १,४०,००० रुपयांचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.