ऑप्रीला गेलो, रेडिओ बघून आलो

अमेरिकेत नॅशव्हिलला लेकीकडे होतो, तिने ग्रँड ओल ऑप्रीची तिकिटं काढली. मला वाटलं, मैफल असेल. निघाला चक्क रेडिओचा कार्यक्रम, तिथल्या कंट्री संगीताचा! १९२५ साली डब्ल्यूएसएम केंद्रावर 'बार्न डान्स' म्हणून सुरू झालेला. पहिल्या रात्री ७७ वर्षांचे अंकल जिमी थॉम्पसन फिडल (म्हणजे व्हायोलिनच) घेऊन बसले होते. आजही कडेला उभा निवेदक जाहिराती वाचतो, कलाकार दोन-तीन गाणी म्हणून आत जातात. विविध भारतीवर वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? रंगमंचावर, कार्यक्रम पूर्वी जिथे व्हायचा त्या जुन्या रायमन सभागृहातून कापून आणलेला सहा फुटी लाकडी गोल आहे. रंग वेगळा, त्यामुळे वरच्या रांगेतूनही ओळखू येतो. गायक त्यावरच उभे राहतात. शब्द निम्मे कळले नाहीत. फिडल सुरू झालं की पाय मात्र ऐकेनात.