पुस्तक सलग वाचावं की विषय घ्यावा?

जालन्याकडं आमच्यासारखे सात-आठ जण कुणाच्या तरी घरी बायबल घेऊन बसले की पहिला वाद हाच.

बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्या. अध्याय फक्त 4, म्हणजे चार बैठका. सुरुवातच दुष्काळानं: बेथलेहेमचं कुटुंब पोटासाठी शेजारच्या मवाब देशात जातं. मराठवाड्यात हे समजावून सांगावं लागत नाही. त्या घरची विधवा सून रूथ सातूच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेली कणसं, वेचायला लागली की आमच्यातल्या म्हाताऱ्या बाया बोलू लागतात आणि एरवीचे बोलके गप्प बसतात (बरंच आहे). शेताच्या कडा गरिबांसाठी सोडाव्यात, हा लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायातला नियम मग ओघानंच निघतो.

विषयवार अभ्यास सोपा. ‘चिंता’ म्हटलं की मत्तय 6, फिलिप्पै 4, 1 पेत्र 5, तासात उरकतं. दिवाळीनंतर निम्मी माणसं ऊसतोडीला गेली की हाच बरा, मागचं चुकलं तरी अडत नाही. पण वचन सुटं पडतं. यिर्मया 29:11, देव चांगलं भविष्य आणि आशा देईल असं सांगणारं वचन, सगळ्यांना पाठ. ते बाबेलातल्या बंदिवानांना धाडलेलं पत्र आहे, आणि आदल्याच वचनात 70 वर्षांची मुदत सांगितलीय, हे किती जण वाचतात?

मी सलग वाचनाच्या बाजूचा. नव्या गटानं यशयापासून मात्र सुरू करू नये; 66 अध्याय आहेत.