शेवटचं भोजन: काचेआडचं की कॅनव्हासवरचं?

लिओनार्दो दा विंचीचं ‘शेवटचं भोजन’, म्हणजे येशू आणि त्याच्या बारा शिष्यांचं चित्र, जेवणाच्या खोलीत लावतात, हे वसईत किंवा गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिये मठातही ते भोजनगृहाच्याच भिंतीवर आहे. प्रश्न उरतो तो काचेच्या फ्रेममधली कागदी प्रिंट घ्यायची की ताणून बसवलेला कॅनव्हास. आमच्या भिंतीवर दोन्ही राहून गेलेत.

कागदावर बारकावे सरस उतरतात, यात वाद नाही. टेबलावरचे पाव, यहूदाच्या मुठीतली थैली स्वच्छ दिसते. काच पुसली की काम झालं, फोडणीचा धूरही चित्रापर्यंत पोचत नाही. पण रात्री जेवायला बसलं की समोरची ट्यूबलाइट नेमकी यहूदा, पेत्र आणि योहानावर येऊन बसायची. दिवसा तिथेच खिडकी. फ्रेम वर घेतली, खाली घेतली, जरा पुढे कलवली; ट्यूब त्या तिघांना सोडून टोकाच्या बर्थलमयवर गेली, एवढंच. आपल्यातलाच एक जण दगा देणार हे ऐकून बाराही जण हादरलेत, सगळी गोष्ट चेहऱ्यांत आणि हातांत आहे, आणि दिसत नाहीत ते चेहरेच! नॉन-ग्लेअर काचही बसवून पाहिली. तिच्यामागे रंग धुरकट वाटले; महागातल्या काचेचं कदाचित तसं होत नसेल.

कॅनव्हास पावसाळ्यात थोडा सैल पडतो, तेलकट धूळ धरतो, आणि त्याच्या विणीत चेहरे किंचित पुसटतात. मला ते खटकत नाही. १४९५ ते १४९८ च्या सुमारास लिओनार्दोने हे चित्र कोरड्या भिंतीवर काढलं, रंग ओल्या गिलाव्यात मुरलेच नाहीत, त्यामुळे त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. १९९९ मध्ये संपलेल्या मोठ्या डागडुजीनंतरही मूळ चित्र फिकटच आहे. त्याला चकचकाटापेक्षा मॅट कॅनव्हास शोभतो.

माप मात्र दोन्हींत बघा. मूळ चित्र ४६० बाय ८८० सेंटीमीटर, म्हणजे ३६ इंच रुंदीला उंची १९ इंचांच्या आसपास हवी. तयार २४ बाय ३६ च्या फ्रेममध्ये कोंबताना कडेचे बर्थलमय आणि शिमोन छाटले जातात. येशूची पावलं दिसत असतील, तर प्रिंट बहुधा एखाद्या जुन्या नकलेवरून काढलेली. मूळची पावलं १६५२ मध्ये भिंतीत दार पाडलं तेव्हाच गेली.

टेबल अगदी गॅसशेजारी असेल तर काच घ्या. नाहीतर मी कॅनव्हासच सांगेन, आणि जमलं तर खिडकी डाव्या हाताला येईल अशी भिंत निवडा. चित्रातला उजेडही डावीकडूनच येतो.