विश्रामबागेतील ब्रिजवर्ग: नोट्रम्पनंतरच्या निमंत्रणाचे उत्तम शिक्षण

सांगलीच्या विश्रामबागेत संध्याकाळी भरणाऱ्या या ब्रिजच्या (पत्त्यांच्या खेळाच्या) वर्गात नोट्रम्पनंतरच्या (हुकूम नसलेल्या बोलीनंतरच्या) रिले बोल्या, म्हणजे भिडूला ठरावीक उत्तर द्यायला लावणाऱ्या बोल्या, इतक्या नेटक्या शिकवल्या जातात की जुन्या खेळाडूंनीही अवश्य जावे. एक किलवर, एक इस्पिक, एक नोट्रम्प अशी बोली होऊन बोली सुरू करणाऱ्याचा १२ ते १४ गुणांचा (मोठ्या पानांच्या किमतीचा) हात कळला, की उत्तर देणाऱ्याची दोन किलवर ही कृत्रिम बोली भिडूला दोन चौकट म्हणायला भाग पाडते. त्यानंतरची दोन इस्पिक पाच इस्पिके आणि साधारण ११ गुण दाखवून गेमचे (बोनस मिळवून देणाऱ्या वरच्या बोलीचे) निमंत्रण देते. थेट दोन चौकट म्हटल्यास मात्र गेमपूर्वी थांबता येत नाही. दुबळ्या हातात चौकटी लांब असतील, तर भिडूच्या दोन चौकटवर पास देता येतो, ही सोय मला विशेष मोलाची वाटते.

दोन किलवरवर थांबण्याची वाट बंद होते, ही किंमतही शिक्षक प्रामाणिकपणे सांगतात. प्रतिस्पर्ध्याने त्या कृत्रिम किलवरला डबल देऊन त्या रंगाची उतारी (डावातले पहिले पान) आपल्या भिडूला सुचवली तर काय करावे, याचा सराव मात्र अपुरा पडतो. त्यासाठी आणखी काही डाव लावायला हवेत.