दोन मीटरचं रेडियन: कुठे जिंकतं, कुठे जपावं लागतं

एप्रिलच्या दुपारी नांगरलेल्या काळ्या रानावर घार पंख न हलवता गोल गोल वर चढते. ती हवा पकडायला शिकायचं असेल, तर रेडियनइतका चांगला गुरू फोमच्या ग्लायडरमध्ये क्वचितच सापडेल. आधी पार्कझोन आणि नंतर ई-फ्लाइट या नावाने आलेलं हे रेडिओ रिमोटने उडवायचं, मोटरवालं ग्लायडर आहे. पंखांचा विस्तार २ मीटर, लांबी साधारण ११४ सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन ८५० ग्रॅमच्या आसपास. ३ सेलची १३०० एमएएच लायपो बॅटरी, मोटरची गती सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, ९६० केव्हीची (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला ९६० फेरे) ब्रशलेस मोटर आणि नाकावर मिटणारा प्रॉप, म्हणजे पंखा. चॅनल तीनच: थ्रॉटल (मोटरची गती), एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे).

एलरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणारे पंखांवरचे हलते भाग, नाहीत म्हटल्यावर बरेच जण नाक मुरडतात. इथे ती उणीव नाही. याचे पंख मधून एकदा आणि टोकाकडे पुन्हा एकदा वर वळलेले आहेत. रडर दिला की नाक वळतं, विमान किंचित आडवं सरकतं, बाहेरच्या पंखाला हवा जास्त कोनातून मिळते आणि तो पंख आपोआप उचलला जातो. स्टिक सोडली की विमान हळूहळू स्वतःच सरळ होतं. त्यामुळे डोळे मोकळे राहतात आणि खरी गंमत तिथेच आहे. डावं टोक काही न करता अचानक वर ढकललं गेलं, तर थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, डाव्या बाजूला आहे. उचललेल्या पंखाकडेच वळायचं. विमान त्या धक्क्यामुळे उजवीकडे जाऊ पाहतं आणि नवखा माणूस त्याला तसंच जाऊ देतो. बहुतेक थर्मल अशाच हातातून निसटतात. रेडियन हा इशारा इतका स्पष्ट दाखवतं की चार-पाच रविवारांत नजर बसते.

मोटर फक्त वर चढण्यासाठी आहे. चढताना ती सरासरी १५ अँपिअर खेचते असं धरा. बॅटरीचे ८० टक्के, म्हणजे १०४० एमएएच वापरले, तर एकूण चार मिनिटं मोटर चालेल. प्रत्येक चढण २५ सेकंदांची ठेवली तर दहा चढण्या. मधल्या वेळात हवा साथ देईल तितकी उड्डाणं लांबतात. पूर्ण थ्रॉटलला नाक वर ओढलं जातं आणि वेग पडतो. रेडिओत थ्रॉटल ते एलिव्हेटर असं ५ ते ८ टक्के डाउनचं मिक्स (मोटर वाढली की नाक आपोआप थोडं खाली दाबणारी जोडणी) टाकलं की चढण एकसारखी होते. एलिव्हेटरला २५ टक्क्यांच्या आसपास एक्स्पो (स्टिक मध्याजवळ मऊ करणारी सेटिंग) द्या, रडरला पूर्ण थ्रो, म्हणजे पूर्ण हालचाल, राहू द्या.

मोटर बंद केल्यावर प्रॉप मिटला नाही, तर आधी ईएससीचा ब्रेक पाहा. ब्रेक बंद असेल तर प्रॉप वाऱ्यावर फिरत राहतो आणि विमान दुप्पट वेगाने खाली येतंय असं वाटतं. ब्रेक चालू असूनही पाती उघडी राहत असतील, तर त्यांचे स्क्रू जास्त आवळलेले आहेत. विमान नाक वर करून धरलं की पाती स्वतःच्या वजनाने मागे लोंबली पाहिजेत, स्क्रू इतकाच सैल हवा. एका पात्याचं टोक तुटलं तर दोन्ही पाती बदला. एकच बदललं की तोल जातो, नाक थरथरतं आणि मोटर धरणारे स्क्रू सैल होत जातात.

सीजी, म्हणजे विमानाच्या तोलाचा बिंदू, माहितीपत्रकातल्या खुणेवर ठेवून सुरुवात करा आणि मग हवेत तपासा. उंचावर, मोटर बंद, विमान स्टिक न धरताही सरळ संथ उडेल असं ट्रिम केलेलं. नाक साधारण ३० अंश खाली करा आणि स्टिक सोडा. झटकन वर उसळलं तर नाक जड आहे. आणखी खाली घुसू लागलं तर शेपूट जड आहे, लगेच सावरा. हळूहळू, लांब कमान घेत सरळ झालं तर बरोबर. बॅटरी एका वेळी ५ मिलिमीटरच सरकवा आणि जागा पेनने आखून ठेवा. बॅटरी दुसऱ्या कंपनीची आणली की ही चाचणी पुन्हा करावीच लागते.

आता दुखरी बाजू. पंख मऊ आहेत. कार्बनची नळी मधल्या भागाला आधार देते, टोकांकडे नुसता फोम उरतो. वेगात खाली सूर मारला की पंख वाकतातच, शिवाय पिळले जातात. फडफड सुरू झाली तर पंख मोडायला वेळ लागत नाही. पंखाच्या खालच्या बाजूला मुळापासून टोकापर्यंत काचतंतूची टेप लावली तरी बराच फरक पडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे १ बाय ३ मिलिमीटरची कार्बन पट्टी, उभी खाच पाडून बसवलेली. मीटरभर पट्टीचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन्ही पंख धरूनही काहीच नाही.

याच कारणाने थर्मलमधून खाली यायचं कसं, हे उडवण्याआधी ठरवून ठेवावं. स्पॉयलर नाहीत, फ्लॅप नाहीत, म्हणजे उंची मारायला पंखांवर काहीच नाही. पूर्ण रडर देऊन घट्ट गिरक्या घेतल्या की वेग वाढतो आणि पंखांवर ताण येतो. त्यापेक्षा वारा येतो त्या दिशेला नाक करून थर्मलच्या बाहेर निघा. शेजारी खाली जाणारी हवा असतेच, ती आपलं काम करते. विमान कधीही वारा वाहत जातो त्या बाजूला दूर जाऊ देऊ नका, कारण परत यायला याच्याकडे वेग नाही. वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर गेला की आम्ही रेडियन काढायचं नाही असं सुचवू. घाटमाथ्याच्या जोरदार वाऱ्यासाठी हे विमान नव्हेच, आणि कामशेतच्या उतारांवर तर पॅराग्लायडरमध्ये माणसं बसलेली असतात.

उतरताना हे जमिनीजवळ तरंगतच राहतं. कंबरेच्या उंचीवर आल्यानंतरही ३०-४० मीटर सहज पुढे जातं. ६०-७० मीटर मोकळी जागा समोर ठेवा, मोटर आधीच बंद करून प्रॉप मिटलाय याची खात्री करा, आणि शेवटच्या क्षणी वळू नका. खालचं टोक गवतात अडकलं की विमान गरकन फिरतं आणि ताण थेट मुळाशी येतो.

नाक चेपलं तर लगेच गोंद काढू नका. फोमचे दाणे फक्त दबलेले असतात. कापड उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने चेपलेल्या जागी धरा. दाणे फुगतात आणि खळगा बराचसा भरून येतो. पडलेली भेग मात्र चिकटवावीच लागते. पातळ सीए गोंद (सुपरग्लू) पटकन धरतो पण कडक, ठिसूळ रेषा सोडतो. नाकासाठी ५ मिनिटांचा एपॉक्सी बरा. शेपटीचे आडवे भाग नळीवर बसवून टेपने धरलेले असतात. उन्हात त्या टेपचा गोंद सुटतो. दर महिन्याला जुनी टेप काढून जागा स्पिरिटने पुसा आणि नवी लावा. रडर आणि एलिव्हेटरचे बिजागर फोमचेच आहेत, कोपऱ्यापासून फाटू लागतात. फाटायच्या आधीच पारदर्शक टेपची पट्टी लावलेली चांगली.

उड्डाणाआधी रेंज चेक, म्हणजे रेडिओचा सिग्नल दूरवर पोचतो का याची तपासणी, सोडू नका. स्पेक्ट्रम कंपनीच्या रेडिओवर रेंज मोड लावून ३० पावलं दूर जायचं आणि सगळे सर्व्हो (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) नीट हलतात का ते पाहायचं. वजन २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत असल्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांत हे ‘मायक्रो’ वर्गात बसतं. सरकारच्या ड्रोन नकाशावर झोन पाहा. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे आधी परवानगी लागत नाही अशा भागातही, मर्यादा १२० मीटरची आहे, आणि चांगल्या थर्मलमध्ये रेडियन ती बघता बघता ओलांडतं. उंची सांगणारा सेन्सर बसवलात तर पैसे वाया जाणार नाहीत.

लूप-रोल करायचे असतील, किंवा वाऱ्यातच उडवायचं असेल, तर एलरॉनवालं रेडियन प्रो किंवा मल्टिप्लेक्सचं इझीग्लायडर पाहा. निवांत हवा वाचायची असेल तर साधं रेडियनच घ्या.

पावसाळ्यात ठेवताना पंख भिंतीला टेकवून उभे करू नका, दोन महिन्यांत पीळ बसतो. आडवे, सपाट फळीवर ठेवा. बंद गाडीत उन्हात तर अजिबात नाही, फोमवर फोड येतात. लायपो सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. पाऊस सरल्यावर विमान जोडून मागून, शेपटीच्या रेषेत एक डोळा मिटून पाहा. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा सारख्या दिसत नसतील तर पीळ आहे. ड्रायरने हलकं गरम करून उलट पीळ द्या, गार होईपर्यंत तसंच धरा, आणि मगच मैदानावर न्या.