मातीचे बुद्धठसे : मगधातले आणि तिबेटातले
दीक्षाभूमीच्या या नागपुरात बुद्धमूर्ती घरोघरी आहे, पण साच्यात ओली माती दाबून घडवलेल्या, तळहातावर मावणाऱ्या जुन्या ठशांची ओळख फार थोड्यांना असते. मगधात, म्हणजे आजच्या दक्षिण बिहारात, नालंदा आणि बोधगया येथे सापडलेल्या अशा ठशांवर बहुधा भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध असतो आणि त्याच्याखाली ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही गाथा अगदी बारीक अक्षरांत उमटलेली असते. सर्व गोष्टी कारणातून उपजतात, ते कारण आणि त्यांचा निरोध तथागतांनी सांगितला, हा तिचा आशय असल्यामुळे ती गाथाच धातूचे, म्हणजे अवशेषांचे, स्थान घेई आणि लहान स्तूपांच्या पोटात ठेवली जाई. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगनेही या प्रथेची नोंद केली आहे.

तिबेटी ‘त्सा-त्सा’, म्हणजे तिथला मातीचा ठसा, याच परंपरेतून आला, मात्र तो बहुधा भाजत नाहीत, उन्हात वाळवतात, आणि कधी त्यात दिवंगत लामांची रक्षाही मिसळतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत असल्याने ही परंपरा आपल्याला तशी परकी नाही. त्सा-त्सामागील श्रद्धा मला मनापासून भावते, परंतु अभ्यासासाठी मी मगधातला ठसाच निवडेन, कारण त्यावरील अक्षरांच्या वळणावरून काळाचा अंदाज बांधता येतो. दोन्ही पाहताना ठशाची मागची बाजू अवश्य पाहावी. तिथे कधीकधी घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू भारताबाहेर नेण्यास 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला मनाई आहे.